हात न लागलेलं घर

"मग आता तरी आत येऊन बसाल ना, बाबा?"

रतनगीर बाबा उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांनी मान वर करून आढ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. फळ्यांची जमीन तेल पाजून इतकी चकचकीत केलेली होती, की दारातून पडलेल्या उजेडात त्यांना स्वतःची दाढी दिसली.

"इथं बरं आहे," ते म्हणाले आणि बाहेरच्या दगडावर टेकले.

विचारणाऱ्याचं नाव हैबती ढेबे. धरणाच्या पाण्याच्या काठाला, वस्तीपासून लांब, त्यानं हे घर बांधलं होतं. तिथवर गाडीवाट नव्हती. डोंगर उतरून पायी यावं, नाहीतर होडीनं.

गाव पाण्याखाली गेलं तेव्हा हैबती आईच्या कडेवर होता. मोठा झाल्यावर तो खाली कोकणात गेला आणि खाडीकाठच्या एका कारखान्यात होड्या बांधायला शिकला. हातात कसब आलं, नाव झालं, पण जीव लागेना. एके दिवशी हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून तो परत आला आणि रतनगीर बाबांच्या पायाशी बसला.

बाबा गोसावी. भैरोबाच्या देवळात राहायचे. गावाबरोबर देवही वर डोंगरावर आणून बसवलेला. कुणी काही दिलं तर बाबा खात. कुणी काही विचारलं तर बहुतेक वेळा गप्प बसत.

हैबतीनं त्यांच्याकडे अनुग्रह मागितला.

"आधी घर बांध," बाबा म्हणाले.

"कसलं घर?"

"राहतात तसलं."

एवढंच. हैबतीनं ही परीक्षा मानली. आणि परीक्षाच आहे तर पहिल्या नंबरानंच पास व्हायचं, असं ठरवून तो कामाला लागला.

राहत राहत, वर्षानुवर्षं हात फिरवून, आज घर त्याच्या मनासारखं पुरं झालं होतं. बाबा डोंगर उतरून बघायला आले होते.

"ह्यो खांब बघा, बाबा. ऐनाचा. ह्या सांध्यात खिळा न्हाई. लाकडात लाकूड बसवलंय. पावसात फुगलं की आनखी घट्ट हुतं."

बाबांनी खांबावर तळवा ठेवला. "जोतं कुणी रचलं?"

"मी."

"दगड?"

"मीच फोडला. मीच वाहून आणला."

"आणि ही तुळई? ही एकट्यानं कशी चढली?"

हैबती याच प्रश्नाची वाट बघत होता. "कप्पी लावली. दोर कमरेला बांधला. वरच्या वाडीची माणसं आली हुती हात द्यायला. मी परत लावून दिली. ह्या घराला माझ्याबिगर कुणाचा हात लागलेला न्हाई, बाबा. एक कौलसुदिक."

तो खोटं बोलत नव्हता. घर खरोखर देखणं होतं. पश्चिमेचा पाऊस अंगावर येऊ नये म्हणून छपराची ती बाजू त्यानं खाली उतरवली होती. पाण्याकडची खिडकी अशी ठेवली होती, की बसल्या जागेवरून सगळा जलाशय दिसावा. दर उन्हाळ्यात तो कौलं उतरवून पुसायचा आणि परत चढवायचा. लाकडाला तेल, होडीच्या बुडाला डांबर, जाळ्याची तुटलेली गाठ, सगळं वेळच्या वेळी. लोक त्या घराला खोपी म्हणायचे. हैबतीला राग यायचा.

"घर म्हणा," तो सांगायचा.

बाबांनी आत डोकावून पाहिलं. कोपऱ्यात चूल होती. चौकोनी, धारदार काठांची, जणू ओळंबा लावून उभी केलेली. तिच्यात राख नव्हती. वरच्या वाशांवर धुराचा एक डाग नव्हता.

"चूल पण तूच घातलीस?"

हैबतीनं चुलीकडे पाहिलं.

"…हौसानं घातली हुती. जरा वाकडी झाली हुती. मी सरळ केली."

"आणि हौसा?"

"माहेरी गेलीया. पल्याडच्या वाडीत. येईल."

"भांडली?"

"न्हाई. काहीच बोलली न्हाई."

हौसा त्याची बायको. या घरात तिनं स्वतःच्या मनानं केलेली गोष्ट एकच, ती चूल. काठाची माती आणून तिनं ती लिंपली होती आणि ओली असताना कडेनं चार बोटांच्या रेघा ओढल्या होत्या. ती पाण्याला गेली तेवढ्यात हैबतीनं चूल मोडली आणि दोरी धरून नवी घातली. हौसा हंडा घेऊन परत आली. तिनं चुलीकडे पाहिलं, हंडा खाली ठेवला, त्या नव्या चुलीवर भाकरी केल्या. सकाळी उठून बापाच्या होडीत बसली आणि गेली.

तेव्हापासून हैबती बाहेर तीन दगडांवर शिजवून खात होता. आत धूर नको म्हणून. त्या भाकरींची राख आणि काजळीही त्यानं पुसून काढली होती.

"बाबा, गळाला मरळ लागलाय सकाळी. हाताएवढा हाय. तळतो तुमच्यासाठी."

"राहू दे. जेवण येतंय."

"कुठनं?"

बाबांनी हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं.

लांब पाण्यावर एक काळा ठिपका हलत होता.

हैबतीनं डोळ्यांवर आडवा हात धरला. ती होडी त्यानं कुठूनही ओळखली असती. सासऱ्याची होती. जुनी, जाड फळ्यांची, म्हशीसारखी संथ.

"तुमी सांगितलं व्हय तिला?"

"वाटेत भेटली. म्हटलं, आज हैबतीकडं जेवणार आहे."

हैबतीनं नजर पाण्यावरून काढली नाही.

"वल्हं बघा कसं मारतीया," तो थोड्या वेळानं म्हणाला. "सारखी डावीकडं वढतीया. कवाधरनं सांगतोय, नवी होडी बांधून देतो. सासऱ्यांस्नी तीच पायजे. माझी बघा, बाबा…"

खाली काठावर त्याची होडी ओढून ठेवलेली होती. हलकी, निमुळती, नाक डौलात वर उचललेलं. दोन फळ्यांच्या फटीत सुताचा पीळ आणि राळ अशी भरलेली, की सांधा शोधून सापडू नये. वल्ही शिसवाची. पातळ, कातीव, काळीभोर.

"ह्या पाण्यात अशी दुसरी न्हाई," हैबती म्हणाला. "आन् वल्हवणारा बी."

बाबा पाण्याकडे बघत राहिले…

मग वारं पडलं. पान हलेना. पश्चिमेच्या डोंगरामागून आभाळ काळं-तांबडं होऊन वर येऊ लागलं. उन्हाळ्यात पाणी मागं हटून जलाशयाचा काठ उघडा पडतो. त्या सुकलेल्या गाळावरची धूळ एकदम उठली आणि भिंतीसारखी चालत आली. वळीव येत होता.

पाण्याचा रंग बदलला. ठिपक्याभोवती पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या.

हैबती उठून उभा राहिला. "बाबा, ती टेकाडाकडं चाललीया."

टेकाड म्हणजे जुन्या गावाची गुरं जिथं उन्हात बसायची तो खडक. पाणी उतरलं की त्याचे सुळके वर येतात. वाऱ्यात होडी तिकडं गेली तर तिच्या फळ्या वेगळ्या व्हायला वेळ लागत नाही.

"बाबा!"

बाबा दगडावरच बसून होते.

हैबती उतारावरून धावत सुटला. गुडघाभर गाळात रुतत त्यानं होडी ढकलली, आत उडी मारली आणि वल्ही पाण्यात घातली. होडी बाणासारखी सुटली. तेवढ्या वाऱ्यातही त्याला तिचा अभिमान वाटला. प्रत्येक लाटेवर ती नाक उचलून चढायची आणि पलीकडे अलगद उतरायची. हौसा दिसायला लागली तेव्हा तो वाऱ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला,

"भिऊ नगंस! आलोय मी!"

हौसानं वळून पाहिलं. तिनं पदर कमरेला खोचला होता.

"अवं, लांब व्हा!" ती ओरडली. "आपटाल!"

हैबतीला वाटलं, घाबरून बोलतेय. तो आणखी जवळ गेला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की तिची होडी हलतच नाहीये. तिनं नांगराचा धोंडा पाण्यात सोडला होता. दोर ताणलेला होता. म्हशीसारखी ती जड होडी वाऱ्याकडे तोंड करून एका जागी उभी होती, आणि हौसा शांतपणे डब्यानं पाणी बाहेर टाकत होती.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला.

हैबतीच्या होडीचं वर उचललेलं नाक वाऱ्यानं धरलं आणि गर्रकन फिरवलं. हलकी होडी पानासारखी खडकाकडे गेली. हैबतीनं वल्हं सुळक्याला टेकवून सगळा जोर लावला.

वल्हं मोडलं. हातात नुसती मूठ राहिली.

दुसरं वल्हं लाटेनं केव्हा नेलं ते त्याला कळलंही नाही. होडी आडवी झाली. पाणी आत आलं.

"धरा!"

दोर त्याच्या मांडीवर येऊन पडला. हौसानं फेकला होता.

हैबतीनं दोराकडे पाहिलं. खडक दोन हातांवर होता, घोट्याच्या वर पाणी आलं होतं, आणि तरी त्याचा हात दोराकडे जाईना.

"अवं, धरा की! बघत काय बसलाय!"

त्यानं दोर धरला.

हौसानं पाय फळीला रोवले आणि ओढला. एकदा, परत एकदा… हैबतीची होडी खडकाला घासून, कडेची एक फळी तिथंच ठेवून, मागं आली. हौसानं दोर आपल्या होडीच्या मागच्या खुंट्याला बांधला आणि खाली बसली.

"पाणी काढा," ती म्हणाली. "वारं जाईल आता."

हैबतीनं ओंजळीनं पाणी काढायला सुरुवात केली.

वळीव जसा आला तसा गेला. थोडे टपोरे थेंब पडले आणि ऊन आलं. हौसानं धोंडा वर घेतला, वल्ही धरली आणि काठाकडे निघाली. डावीकडे ओढत, तशीच. मागून दोराला बांधलेली हैबतीची देखणी होडी येत होती. तिच्यात हैबती बसला होता, हात मांडीवर ठेवून.

बाबा दगडावरून सगळं बघत होते.

काठाला दोघं उतरली. गाळ गुडघ्यापर्यंत होता. हौसानं भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेतलं, कालवणाची किटली हातात धरली आणि उतार चढून वर आली. भाकरी कोरड्या राहिल्या होत्या. तिनं त्या होडीच्या फळीखाली, मेणकापडात गुंडाळून ठेवल्या होत्या.

घरापाशी आल्यावर ती उंबऱ्याच्या अलीकडे थांबली. गाठोडं खाली ठेवलं. बाबांच्या पाया पडली.

"हितंच बसते मी," ती म्हणाली. "पाय चिखलाचे हायत."

हैबती तिच्या शेजारीच उभा होता. दाराजवळच्या घागरीतून तांब्या भरून त्यानं आपल्या एका पायावर पाणी ओतलंसुद्धा होतं. सवयीनं.

"आत ये," तो म्हणाला.

"नगं. जमीन खराब हुईल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर हैबतीला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

…

बाबा नखातली माती काढत होते.

हैबतीनं आपल्या पायांकडे पाहिलं. एक धुतलेला, एक चिखलाचा. मग आत पाहिलं. जमीन चमकत होती. तिच्यातली प्रत्येक फळी त्यानं हातानं रंधा मारून गुळगुळीत केली होती. कुठली फळी कुठल्या झाडाची, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता.

त्यानं तांब्या घागरीवर ठेवला.

तो उतारावरून खाली गेला. परत गाळात शिरला. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत बुडवले. वर आला, उंबरा ओलांडला आणि आत चालत गेला. घाईनं नाही. एकेक पाऊल पूर्ण टेकवत. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत, तिथून चुलीपर्यंत. मग थांबला. पाठमोराच.

तेल पाजलेल्या फळ्यांवर त्याची पावलं तांबड्या चिखलात उमटली होती. बोटांसकट.

बाहेरून हौसा त्या पावलांकडे बघत होती.

मग हौसाला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना.

"अवं, येडं झालासा का काय?"

"ये," हैबती भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

हौसा आत आली. तिची पावलं लहान. ती त्याच्या पावलांच्या मधून मधून पडली.

हैबतीनं कोपऱ्यातली पहार उचलली. "ही चूल मोडतो. तुझी तू घाल."

"आता?" हौसा म्हणाली. "समद्यांस्नी भूक लागलीया. ठेवा ती पहार." तिनं वाकून चुलीच्या धारदार काठावरून बोट फिरवलं. "हिच्यात बी इस्तू पेटतोच की."

लाकडं दमट होती. तिनं फुंकर मारली, परत मारली. धूर झाला. भरपूर झाला. तो भिंतीवरून चढला, वाशांना भिडला, कौलांत घुटमळला. हैबती मान वर करून बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धुरानं येतं तसं.

खिडकी उघडायला त्यानं हात केला, आणि मग तसाच खाली घेतला.

बाबा केव्हा आत आले ते दोघांनाही कळलं नाही. ते चिखलाच्या पावलांवरच मांडी घालून बसले होते.

कालवण गरम झालं. हौसानं हैबतीचा मरळही तव्यावर टाकला. तिघं जेवायला बसली.

हैबतीनं पहिला घास घेतला आणि बोलायला लागला.

"बाबा, तुमी बघितलं का? वारं पडलं तवाच तिनं वळखलं. धोंडा सोडला. मी सोडला नसता. मला वाटलं असतं, वल्हवून जातो पार." त्यानं भाकरी मोडली. "आन् होडीचं तोंड कसं धरलं हुतं वाऱ्याला! दोर जरा ढिला पडला असता तर गेली असती. ह्या समद्या पाण्यात तसं कुणाला जमायचं न्हाई. मी सांगतो ना. मी आयुष्यभर होड्या बांधल्यात."

"पुरं की आता," हौसा म्हणाली.

"का पुरं? खरं हाय ते." तो बाबांकडे वळला. "आन् दोर कसा फेकला! वाऱ्याच्या उलट. बराबर मांडीवर. कारखान्यात नावाजलेली माणसं हुती, बाबा, पर असा दोर फेकणारा म्या बघितला न्हाई."

छाती तशीच पुढं आलेली होती. आवाज तसाच चढलेला. खांबाचा सांधा दाखवताना होता तसा. हौसा खाली मान घालून भाकरी वाढत होती, पण कान त्याच्याकडे होते, आणि मान दिसत होती तेवढी लाल झालेली होती.

"सारखी डावीकडं ओढते, ते?" बाबांनी विचारलं.

"ती सवय हाय तिची," हैबती म्हणाला. "असू दे. जागेवर पोचती का न्हाई?"

बाबांनी माशाचा काटा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. कालवण परत मागून घेतलं.

जेवण झाल्यावर बाबा बाहेर आले. ऊन कलतीला लागलं होतं. पाणी निवांत पसरलं होतं, मघाशी काही झालंच नाही असं. खाली काठाला दोन्ही होड्या एकाच दोराला बांधलेल्या होत्या.

"वल्ही न्हाईत माझी," हैबती म्हणाला. "हौसाच्या होडीतनं सोडतो तुमास्नी. पल्याडनं चढ सोपा पडंल."

"ही वल्हवेल?"

"हीच. मी मागं बसतो."

तिघं उतारानं खाली आली. हौसा होडीतलं उरलेलं पाणी काढायला पुढं गेली. हैबतीनं बाबांचा हात धरून त्यांना गाळातून नेलं. होडीपाशी आल्यावर तो वाकून त्यांच्या पाया पडला. बाबांच्या पायांना लागलेला चिखल त्याच्या कपाळाला लागला.

"गुरुवारी येतो, बाबा. देवळात. शिकवाल ते…"

बाबा होडीत चढले. हौसाच्या पुढ्यात, फळीवर, नीट बसले. मग म्हणाले,

"देवळात येऊ नकोस आता… मीच येत जाईन. जेवायला."